चंद्रविजयाचे वर्षश्राद्ध

गेल्या काळाचे गोडवे गाणे हा वार्धक्याचा धर्मच आहे, असे म्हणून आपण पुष्कळ गोष्टी हसून सोडून देतो. आमच्या वेळी तूप कसे रवाळ मिळे, मास्तर कसे कडक असत, नाटक पहाटेपर्यंत कसे रंगे, हे ऐकून घ्यावे, मान डोलवावी आणि चहा आला की विषय बदलावा. त्यात कोणाचे नुकसान नसते. परंतु या गुणगानाचा एक प्रकार अलीकडे असा बोकाळला आहे की त्याकडे काणाडोळा करणे मला योग्य वाटत नाही. तो प्रकार म्हणजे १९६९ च्या चंद्रविजयाचा विलाप. दिवाळी अमावास्येची असते. तेव्हा चंद्र आकाशात नसताना त्याच्या भक्तांविषयी चार कडू शब्द बोलून घेण्यास हा मुहूर्त वाईट नाही.

अमेरिकेत दर वर्षी २० जुलै जवळ आला की हा सूर लागतो. आणि साहेबाच्या घरी सुतक आले की आपणही स्नान करावे, या आपल्या जुन्या रिवाजाप्रमाणे इकडेही त्याचे पडसाद उमटतात. विलापाचा मजकूर ठरलेला आहे. त्या काळचा माणूस मोठा होता, म्हणून तो चंद्रावर गेला. आजचा माणूस खुजा आहे, म्हणून तो हातातल्या फोनमध्ये नाक खुपसून बसला आहे. तेव्हा सारे जग एका श्वासाने आकाशाकडे पाहत होते. आता शेजारी शेजाऱ्याकडे पाहत नाही. तेव्हा ध्येय होते, शिस्त होती, त्याग होता. आता करमणूक उरली आहे. सन २०१२ मध्ये तिकडच्या एका तंत्रविषयक मासिकाने चंद्रावर दुसरे पाऊल ठेवणाऱ्या बझ ऑल्ड्रिन यांचा सुरकुतलेला चेहरा मुखपृष्ठावर छापला आणि मंगळावरच्या वसाहतींचे वचन देऊन माझ्या हाती फेसबुक ठेवलेत, अशा आशयाची तक्रार त्यांच्या तोंडी घातली. ते मुखपृष्ठ फार गाजले. एवढा मोठा विलाप एवढ्या थोड्या शब्दांत बसविणे हे सोपे काम नव्हे.

चंद्रावर माणूस उतरला ही घटना लहान होती असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तसे म्हणणारा माणूस एक तर अज्ञानी असेल किंवा द्वेष्टा असेल. माझा वाद आहे तो त्या घटनेवरून काढलेल्या निष्कर्षाशी. १९६९ नंतर ऱ्हास झाला असे म्हणावयाचे तर १९६९ मध्ये काहीतरी उंचावर होते, हे आधी दाखवावे लागेल. अग्निबाण उंचावर गेला हे सर्वांस दिसले. समाज उंचावर होता, हे मात्र कोणी दाखवीत नाही. ते गृहीतच धरले जाते. माझे म्हणणे असे आहे की ज्या समाजाने माणूस चंद्रावर नेला, त्याच समाजाने, त्याच वर्षांत, त्याच हातांनी ते काम मोडावयास घेतले होते. म्हणजे मध्ये 'नंतर' नावाचा काळ आला आणि त्याने घात केला, ही कथाच रचलेली आहे.

प्रथम त्या एका श्वासाची गोष्ट घेऊ. जगातील सुमारे साठ कोटी लोकांनी ते दृश्य टेलिव्हिजनवर पाहिले असा अंदाज सांगतात. त्या वेळी जगाची लोकसंख्या साडेतीनशे कोटींच्या पुढे गेली होती. म्हणजे सहांतील पाच जणांनी काहीच पाहिले नाही. त्या पाचांत सारा महाराष्ट्र येतो. हिंदुस्थानात टेलिव्हिजन तेव्हा फक्त दिल्लीत होता. मुंबईचे केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात तर शेवटची चांद्रमोहीमही परत आली. असे असूनही, त्या रात्री आम्ही टेलिव्हिजनसमोर कसे जागत बसलो होतो, हे डोळ्यांत पाणी आणून सांगणारी दादर-गिरगावकडची वडीलधारी मंडळी मी ऐकली आहेत. आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रभूमीवर पडले ते आपल्या घड्याळाप्रमाणे सोमवार दिनांक २१ जुलै रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास. तेव्हा दादरची मंडळी लोकलच्या फलाटावर असणार. ती खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. पुढे शेकडो वेळा पाहिलेले चित्र त्यांनी मागे नेऊन त्या दिवसाला चिकटविले आहे, एवढेच. शिवाय त्याच आठवड्यात, १९ जुलैला, चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना व कट्ट्यांना चंद्रापेक्षा तो विषय अधिक जवळचा होता.

आपले राहू द्या. खुद्द अमेरिकेचा श्वास एक होता काय? उड्डाण १६ जुलैला व्हावयाचे होते. १५ जुलैच्या दुपारी केप केनेडीच्या वेशीवर खेचरे जोडलेल्या गाड्या आणि गरीब निग्रो कुटुंबे घेऊन राल्फ ॲबरनॅथी येऊन उभे राहिले. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून होऊन सव्वा वर्ष झाले होते आणि त्यांच्या संघटनेची धुरा ॲबरनॅथी वाहत होते. त्यांचे म्हणणे साधे होते. या देशात पाचांतील एका माणसाला पुरेसे अन्न, वस्त्र, घर नाही, आणि तुम्ही हा पैसा आकाशात उधळीत आहात. 'नासा'चे प्रमुख टॉमस पेन पावसाच्या भुरभुरीत त्यांना सामोरे गेले. अग्निबाणाचे बटण न दाबल्याने जर दारिद्र्य नाहीसे होणार असेल तर आम्ही उद्या ते दाबणार नाही, पण ते तसे होणार नाही. तुमच्या गाड्या आमच्या अग्निबाणाला जोडा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि त्या कुटुंबांतील काही जणांना उड्डाण पाहण्यासाठी मानाच्या जागा देऊ केल्या. दुसऱ्या दिवशी तो अग्निबाण वर जाताना पाहून त्या एका क्षणी मला भुकेल्यांचा विसर पडला, असे ॲबरनॅथी यांनी मोकळेपणाने सांगितलेही. दोन्ही माणसे मोठी होती, असे मला वाटते. परंतु विलापकर्त्यांच्या कथेत ती खेचरे कोठे आहेत? ती काढून टाकल्याखेरीज 'एका श्वासाचे' चित्र पुरे होत नाही, म्हणून ती काढून टाकली आहेत.

कोणी म्हणेल की हा एका चळवळीचा आवाज झाला. सर्वसामान्य अमेरिकन माणूस तर चंद्रवेडा होता. तोही नव्हता. त्या दशकातील बहुतेक जनमत-चाचण्यांत, चंद्रासाठी होणारा खर्च योग्य आहे असे म्हणणाऱ्यांची बहुसंख्या नव्हती. पहिली मोहीम यशस्वी झाली तेव्हा पारडे थोडेसे फिरले आणि पुन्हा खाली आले. १९७९ साली, म्हणजे दहा वर्षांनी, हा पैसा सत्कारणी लागला असे म्हणणारे अमेरिकन निम्म्याहून कमी होते. २००९ साली, चाळीस वर्षांनी, तसे म्हणणारे दहांत सात झाले. यातली गंमत पाहा. घटना जसजशी दूर जाते आणि तिचा खर्च आपल्या खिशातून द्यावा लागत नाही, तसतशी तिच्यावरची भक्ती वाढत जाते. १९६९ मध्ये नसलेली एकजूट स्मरणाने मागाहून घडविली आहे, आणि आता त्या घडविलेल्या एकजुटीच्या काठीने आजच्या पोरांना बडवावयाचे चालले आहे.

विचारवंत व कलावंतही काही ओवाळणीचे ताट घेऊन उभे नव्हते. पिकासो यांना त्या दिवशी विचारले तेव्हा, मला त्याचे काही नाही, असे त्यांनी तुटकपणे सांगितले. लुईस मम्फर्ड यांना त्यात युद्धाचेच दुसरे रूप दिसले. ते बरोबर होते की चूक, हा प्रश्न निराळा. त्या पिढीला मतभेद करता येत होता आणि तिने तो ऐन आनंदाच्या दिवशी केला, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता ध्येयाकडे वळू. ज्यांनी ध्येय दिले त्या केनेडींचे, नोव्हेंबर १९६२ मधील एका बैठकीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. 'नासा'चे तेव्हाचे प्रमुख जेम्स वेब शास्त्रीय संशोधनाची बाजू मांडीत असता अध्यक्षमहाशय त्यांना तोडून सांगतात की मला अवकाशात तितकेसे स्वारस्य नाही. रशियाच्या आधी पोहोचावयाचे आहे म्हणून हा खर्च. पुढच्याच सप्टेंबरात याच केनेडींनी संयुक्त राष्ट्रसंघात उभे राहून रशियाला बरोबर घेऊन चंद्रावर जाण्याची सूचनाही केली. राजकारणी पुरुषाच्या या उलाढाली आहेत आणि त्यांबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मोठी कामे पुष्कळदा अशाच मिश्र हेतूंनी होतात. परंतु जे स्पर्धेपोटी झाले त्याला मानवजातीच्या निर्मळ आकांक्षेचा टिळा लावू नका, एवढेच म्हणणे आहे.

आणि निर्मळपणाचा प्रश्न निघालाच आहे तर तो प्रचंड सॅटर्न अग्निबाण ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाला, त्या वेर्नेर फॉन ब्राउन यांच्या पूर्वायुष्याकडेही नजर टाकली पाहिजे. हिटलरच्या जर्मनीत त्यांनी केलेले व्ही-२ अग्निबाण ज्या भुयारी कारखान्यात जोडले जात, तेथे डोरा छावणीतील कैदी राबत. त्या छावणीतून आणि तिच्या उपछावण्यांतून सुमारे साठ हजार माणसे गेली. त्यांतील सुमारे वीस हजार परत आली नाहीत. त्या कारखान्यातील उत्पादनाचे प्रमुख आर्टर रुडोल्फ हेच पुढे अमेरिकेत सॅटर्नच्या कामाचे व्यवस्थापक झाले, आणि १९८४ साली, खटला टाळण्यासाठी, नागरिकत्वाचा त्याग करून निघून गेले. सुवर्णयुग म्हणून ज्याची आरती करावयाची त्याच्या पायाखाली काय आहे, ते एकदा दिवा घेऊन पाहावे. मग आरती करावयाची तर खुशाल करावी.

येथवर वाचून कोणाची अशी समजूत होईल की हा मनुष्य त्या काळात काहीच चांगले नव्हते असे म्हणतो. तसे नाही. चांगले पुष्कळ होते. माझी तक्रार अशी आहे की विलाप करणारे त्याचे नावसुद्धा घेत नाहीत. त्यांना तीन वीर आठवतात, एक झेंडा आठवतो आणि एक वाक्य आठवते. त्या कामावर ऐन भराच्या दिवसांत सुमारे चार लाख माणसे होती. ती कोणाला आठवतात?

चांद्रयानातील संगणकाची स्मृती कशी तयार झाली हे मला नेहमी सांगावेसे वाटते. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम या गावी एका कारखान्यात बायका समोरासमोर बसून ती अक्षरशः विणीत असत. चुंबकीय कड्यांच्या रांगा असत. तार कडीच्या आतून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. चंद्रावर उतरण्याचे सगळे गणित अशा तारांच्या वेणीत गुंफलेले होते. एक तार चुकली तर गणित चुकले, आणि एकदा वेणी बंद झाली की दुरुस्ती महाकठीण. म्हणून प्रत्येक टाका तपासला जाई. या बायकांपैकी कितींना गिरणीत विणकाम करण्याची आधीची सवय होती! अंतराळवीरांचा पोशाख ज्या कंपनीने शिवला ती स्त्रियांची अंतर्वस्त्रे करण्याच्या धंद्यातली. तेथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी एकवीस थरांचा तो पोशाख शिवला, आणि एक टाका उसवला तर आत बसलेला माणूस मरेल हे त्यांना पक्के ठाऊक होते. आर्मस्ट्राँग यांचे धैर्य मोठे खरेच. परंतु ते त्या टाक्यावर विसंबून होते. उड्डाणाच्या वेळी नियंत्रणकक्षात ओळीने बसलेल्या त्या शेकडो पुरुषांत एकच स्त्री अभियंता होती, जोॲन मॉर्गन. आणि अमेरिकन स्त्रीला अंतराळात पाठवावयास १९८३ साल उजाडावे लागले. विणावयास व शिवावयास बायका चालत होत्या, वर जाण्यास चालत नव्हत्या. ही शिस्त कोणाला परत हवी आहे?

दुसरी गोष्ट चुकीची कबुली. २७ जानेवारी १९६७ रोजी, जमिनीवरच चाललेल्या तालमीत, यानाच्या कुपीत आग लागून ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे तीन अंतराळवीर मेले. आत शुद्ध प्राणवायू भरलेला होता, जळाऊ वस्तू होत्या, आणि दार आतल्या बाजूला उघडणारे असल्यामुळे आतील दाबापुढे ते उघडताच येईना. चौकशी झाली. दोष कोणाचे, कोठले, किती, ते अहवालात छापून निघाले. दार बदलले, वायू बदलला, तारांची मांडणी बदलली, आणि ऑक्टोबर १९६८ पर्यंत एकही माणूस वर गेला नाही. कंत्राटदाराच्या कामावर कोरडे ओढणारा एक अंतर्गत अहवाल आगीच्या पूर्वीच तयार होता आणि काँग्रेसला त्याचा पत्ता नव्हता, हेही तेव्हा बाहेर आले. तेव्हा त्या काळच्या प्रामाणिकपणाचेही देव्हारे नकोत. तरीही दशकाची मुदत डोक्यावर असताना वीस महिने थांबण्याची छाती त्या माणसांत होती. याच्याशेजारी १९८६ ची जानेवारी ठेवा. उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंते सांगत होते की एवढ्या थंडीत सांध्यातील रबरी कड्या दगा देतील, उड्डाण पुढे ढकला. त्यांचे ऐकले नाही. 'चॅलेंजर' सात माणसांसह आकाशात फुटले. येथे ऱ्हास झाला असे कोणी म्हणेल तर मी त्याच्याशी हुज्जत घालणार नाही. परंतु असे म्हणणारा विलापकर्ता मला अजून भेटावयाचा आहे! त्याला रबरी कड्यांत रस नसतो. त्याला केवळ फोनचा राग असतो.

आता मुख्य मुद्दा. हे काम मोडले कोणी व केव्हा? 'नासा'च्या खर्चाचे शिखर १९६६ साली आले. त्या वर्षी केंद्र सरकारच्या खर्चातील शंभरांतले सुमारे साडेचार डॉलर तिकडे जात होते. तेथून घसरण सुरू झाली. व्हिएतनाममध्ये पाच लाखांवर सैन्य पोसावयाचे होते, शहरे जळत होती. १९६५ च्या सुमारास जी चार लाख माणसे कामावर होती त्यांतील जवळजवळ निम्मी १९६९ पर्यंत घरी गेलेली होती. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या सकाळी ते पाऊल पडले त्या सकाळी, ते पाऊल ज्यांनी शक्य केले त्यांतील अर्धी माणसे दुसरीकडे नोकरी शोधून बसली होती किंवा शोधीत होती. सॅटर्न अग्निबाणांचे उत्पादन पंधरावर थांबवावे हा निर्णय ऑगस्ट १९६८ मधला, म्हणजे चंद्रावर उतरण्याच्या आधी अकरा महिन्यांचा. शेवटच्या तीन मोहिमा १९७० मध्ये रद्द झाल्या. एप्रिल १९७० मध्ये तेराव्या मोहिमेतील अंतराळवीर यानातून घरच्या लोकांसाठी दृश्य पाठवीत होते, तेव्हा ते दाखविणे कोणत्याही मोठ्या टेलिव्हिजन कंपनीला परवडले नाही. प्रेक्षक कंटाळले होते. थोड्याच मिनिटांत यानातील टाकी फुटली आणि माणसे मरतील की जगतील असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा प्रेक्षक परत आले. पहिले पाऊल पडून नऊ महिने झाले होते. फोन अजून भिंतीला टांगलेला होता. लोकांना चंद्राचा कंटाळा येण्यासाठी फेसबुकची गरज पडली नाही.

न उडालेल्या अग्निबाणांचे काय झाले? ते शोभेला ठेवले. ह्यूस्टनच्या अवकाशकेंद्राच्या आवारात एक सॅटर्न वर्षानुवर्षे उन्हापावसात आडवा पडून होता. त्याच्यावर शेवाळ चढले, त्यात पाखरांनी घरे केली. छप्पर घालण्याची बुद्धी झाली ती या शतकात. आणि याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. चंद्रावरून आलेली मूळ दृश्ये ऑस्ट्रेलियातील व अमेरिकेतील केंद्रांवर चुंबकीय फितींत साठविली होती. लोकांनी घरी पाहिले ते त्यांचे उतरविलेले, धुरकट रूप. मूळ फिती अधिक स्वच्छ होत्या. पुढे त्यांचा शोध घेतला तेव्हा, २००९ साली, 'नासा'ला सांगावे लागले की त्या फिती बहुधा पुसून दुसऱ्या मोहिमांसाठी पुन्हा वापरल्या गेल्या. नव्या फितींचा तुटवडा होता! ज्या क्षणाच्या नावाने दर वर्षी गळा काढला जातो तो क्षण, त्याच पिढीच्या एका खात्याने, काटकसर म्हणून पुसून टाकला होता. यात कोणी दुष्ट नव्हता. कोणी कारकून आपले काम चोख करीत होता. परंतु ज्या समाजाला आपल्या कृत्याचे मोल खरोखर कळले होते असे आपण म्हणतो, त्याचे हे वागणे आहे.

नंतर काही घडलेच नाही, ही तक्रार मी थोडक्यात उरकतो, कारण तिला उत्तर देणे फारसे कठीण नाही. १९७७ मध्ये सुटलेली दोन व्हॉयेजर याने सूर्यमालेच्या कडेपलीकडे जाऊनही बोलत राहिली. नोव्हेंबर २००० पासून अंतराळस्थानकात माणसाची वस्ती अखंड आहे. यादी वाढविता येईल. परंतु मला निराळ्याच गोष्टीची आठवण द्यावयाची आहे. १९६९ मध्ये आपल्या खेड्यापाड्यांत देवी येत होत्या. चेहऱ्यावर वण असलेली माणसे प्रत्येक आळीत होती, देवीने डोळे गेलेली होती, आणि लहान मूल दगावले म्हणजे आईचा कोप झाला असे म्हणून लोक गप्प बसत. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ मध्ये देवीच्या उच्चाटनाची मोहीम नेटाने हाती घेतली. दुतोंडी सुई घेऊन माणसे गावोगाव हिंडली. रोग्याचे चित्र दाखवून असा कोणी पाहिला काय असे बाजारात विचारीत. खबर देणाराला इनाम देत. १९७४ मध्ये बिहारात साथीने थैमान घातले तरी त्यांनी सुई खाली ठेवली नाही. १९७५ च्या मे महिन्यात हिंदुस्थानातला, आणि १९७७ च्या ऑक्टोबरात सोमालियात जगातला, नैसर्गिक लागणीचा शेवटचा रोगी सापडला. १९८० साली हा रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर झाले. सगळा खर्च सुमारे तीस कोटी डॉलर. चंद्राचा खर्च सुमारे अडीच हजार कोटी डॉलर. यात अमेरिकन होते, रशियन होते, आणि आपले हजारो देवी टोचणारे होते. जे केनेडींनी बोलून दाखविले आणि झाले नाही, ते येथे झाले. त्याचे वर्षश्राद्ध कोठे आहे? त्याची तारीख तरी विलापकर्त्यांपैकी किती जणांस ठाऊक आहे? त्यात एक चेहरा नव्हता, एक झेंडा नव्हता, शेवटचा क्षण टेलिव्हिजनवर नव्हता. पाहण्यासारखे काही नव्हते. उलट एक गोष्ट कायमची दिसेनाशी झाली होती.

आपल्याकडच्या मंडळींकरिता एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. विक्रम साराभाई यांनी आपल्या अवकाशकार्याचा हेतू सांगताना, चंद्रावर जाण्यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आमच्यापुढे नाही, असे स्वच्छ म्हटले होते. चंद्रविजयाच्या दुसऱ्याच महिन्यात, १५ ऑगस्ट १९६९ ला, 'इस्रो'ची स्थापना झाली आणि सप्टेंबरात अमेरिकेशी करार झाला तो चंद्राचा नव्हे; त्यांच्या उपग्रहावरून आपल्या खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्याचा. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांनी ते पाहिले. पुढे २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात उतरले, तेव्हा त्याचे प्रक्षेपण यूट्यूबवर एकाच वेळी ऐंशी लाखांहून अधिक ठिकाणी चालू होते. त्यांतील किती पडदे हातातल्या फोनचे होते, हे फोनच्या नावाने बोटे मोडणारांनी आपल्या नातवंडांना विचारावे.

मग या विलापाने बिघडते काय? म्हाताऱ्यांनी रडावे, तरुणांनी हसावे, संपले. तसे ते संपत नाही, म्हणूनच हा लेख. या विलापाला काम नको असते. त्याला तो दिवस पुन्हा हवा असतो. आणि जे राज्यकर्ते लोकांच्या गतस्मृतींवर जगतात त्यांना हा फरक चांगला कळतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कार्यालयाने पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मांडले, त्यात 'नासा'च्या विज्ञानखात्याची रक्कम जवळजवळ निम्म्याने कापावी असे सुचविले होते, आणि त्याच कागदात चंद्रावर व मंगळावर माणसे पाठविण्याच्या सदराखाली रक्कम वाढविली होती. झेंड्याला पैसे होते, दुर्बिणीला नव्हते. बंद करावयाच्या मोहिमांत गुरूभोवती फिरणारे 'जुनो' होते, आणि २०१५ मध्ये प्लुटोच्या जवळून गेलेले 'न्यू होरायझन्स' होते. ही याने बांधून झालेली, पाठवून झालेली, कोट्यवधी मैल दूर नीट चाललेली होती. खर्च उरला होता तो त्यांचे बोलणे ऐकण्यासाठी पृथ्वीवर बसलेल्या माणसांच्या पगाराचा. त्या सूचनेविरुद्ध शास्त्रज्ञांनी पत्रे लिहिली, काँग्रेसच्या सभासदांची दारे ठोठावली. दोन महिन्यांनी २० जुलै आला आणि नेहमीप्रमाणे तो जुना फोटो सगळीकडे झळकला. त्याखाली उसासे टाकणारांपैकी किती जणांनी ती यादी वाचली होती?